डावा पंख

बस, एलिशेवा. तारे दिसायला अजून अवकाश आहे, तोवर आतल्या खोलीचं दार उघडायचं नाही. हायमकाकांचं विमान बघायचंय ना तुला? मग आधी ऐक.

त्या शुक्रवारी दुपारी मी बाजारात गेले होते, कपड्यांचे चिमटे आणायला. लाकडी, घट्ट स्प्रिंगचे. दुकानदार म्हणतो, "काकू, एवढे घट्ट? गोधड्या वाळत घालताय काय?" म्हटलं, "नाही, लढाऊ विमान." तो हसला. हसू दे. रविवारी तेच विमान मी मॉडेलांच्या प्रदर्शनात मांडणार होते.

तुझे काका कसे होते ते तुला ठाऊक आहे. गुणी माणूस, पण हाती घेतलेलं एक काम तडीस नेतील तर शपथ! स्वयंपाकघरातल्या कपाटाला वर्षानुवर्षं एकच दार. मला विमानात बसवून आमच्या निरीतकडे, इस्रायलमध्ये अश्दोदला न्यायचं होतं, तेही राहिलं. कधीही विचारा, उत्तर एकच, "झालंच." सिनेगॉगमध्ये पोरंसोरंसुद्धा त्यांना 'झालंच हायम' म्हणायची. मी वरवर हसायचे, पण मनाला लागायचं.

ते गेले तेव्हा मेजावर हे विमान अर्धवट पडलेलं होतं. कोर्सेअर म्हणतात त्याला. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजांवरून उडायचं. एकाच माणसाचं विमान, आत खुर्ची एकच. काकांचं मॉडेल खऱ्याच्या अठराव्या भागाएवढं, पंख पसरले की दीड हात. दफन करून परतताना कुणीतरी हळूच म्हणालं, "हेही राहिलंच." तिथल्या तिथे मी ठरवलं, हे राहणार नाही.

मला काय येत होतं? डोंबल! खालच्या मजल्यावरच्या कमरुद्दीनभाईंनी शिकवलं. जन्मभर जहाजांच्या इंजिनांत हात काळे केलेला माणूस. वर्षभर मी बोटं चिकटवून घेतली, निळा रंग पुन्हा पुन्हा खरवडला, इंजिनाच्या केसासारख्या तारा भिंगातून बसवल्या. शेवटी राहिला फक्त डावा पंख. या विमानाचा पंख आधी खाली वाकतो, मग वर उठतो, त्यामुळे कोन साधणं फार अवघड. कमरुद्दीनभाई करंज्याला बहिणीकडे निघताना बजावून गेले, "भाभी, गोंद सुकेपर्यंत पंख हलायला नको. वाकडा धरला तर खलास. तोडावाच लागेल."

बाजारातून आले, दोन नळ्यांमधला गोंद कालवला, पंख बसवला, चिमटे लावले. सूर्य कलला होता. हात धुतले, शब्बाथचा दिवा लावला, डोळ्यांवर तळवे धरून दिव्याची प्रार्थना, बराखा म्हटली आणि तेवढ्यात आतल्या खोलीत आवाज झाला. टक्.

डोळे उघडले तर एक चिमटा सुटलेला. पंख हळूहळू खाली झुकत होता…

माझा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. शब्बाथ लागला होता, आता शनिवारी तारे दिसेपर्यंत कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. आपल्या पूर्वजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी बैल सोडले ते सोडलेच, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. एका पंखासाठी मी ते मोडणार नव्हते. कमरुद्दीनभाई असते तर न सांगता त्यांनी सावरला असता. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर बसून रडले. सकाळपर्यंत गोंदाचा दगड होणार, आणि 'झालंच हायम' हे नाव त्यांच्या थडग्यावर कायमचं बसणार.

बाहेर काळोख पडला. पळस्प्याच्या हायवेवरून गाड्यांची घरघर येते ना, ती कधी थांबली कळलंच नाही. मग दाराच्या फटीतून वास आला. आधी थिनरचा, ओळखीचा. मग त्याच्यामागून दुसरा, जड, तापलेला, एसटीच्या बॉनेटमधून येतो तसा.

टक्. चिमटा काढल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा… टक्.

आणि मग खाकरणं. बारीक कामात मान घातली की काका खाकरायचे, अगदी तसं.

भीतीच्याही आधी मला राग आला, खरंच सांगते. कुजबुजत म्हटलं, "हायम… आज शब्बाथ आहे…"

आत सगळं थांबलं. मग दाराला अगदी लागून आवाज आला.

"झालंच…"

मी जागची हलले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन तारे मोजले आणि दार उघडलं. चिमटे ताटलीत रांगेने ठेवलेले. डावा पंख उजव्याच्या जोडीने उठलेला, कोनमापक लावून पाहिला, तसूभर फरक नाही. मी त्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवत सुटले.

रविवारी परीक्षक होते कमळाकर सर, नौदलातून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, इंजिनाखाली गळलेलं तेल काय हुबेहूब दाखवलंय तुम्ही!" मी तर तेल दाखवलंच नव्हतं. करंज्याहून परतलेल्या कमरुद्दीनभाईंनी बोट लावून हुंगलं, त्यांचा चेहरा उतरला. "भाभी… हा रंग नाय. चालू इंजिनचं तेल हाय."

तेवढ्यात माझंच नाव पुकारलं. पहिलं बक्षीस! मी माइक हातात घेऊन ठणकावून सांगितलं, "हे हायम यांचं काम आहे. पूर्ण झालेलं." आपली सगळी माणसं उभी राहिली. त्या दिवसापासून 'झालंच हायम' हे नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता मी दर शुक्रवारी विमानाखाली स्वच्छ पांढरं फडकं घालते आणि दार लावते. शनिवारी त्यावर डाग असतोच. गेल्या शनिवारी तर स्वयंपाकघरातल्या कपाटाला दुसरं दार बसलेलं दिसलं.

ते बघ, तारे आले. चल, उघडू या.

डागाला बोट लाव. गरम आहे ना? घाबरू नकोस, आपलेच काका आहेत. पंख बघ कसा दिमाखात… थांब. जरा वाक, आत बघ, पायलटच्या जागी. मी तिथे एकच खुर्ची चिकटवली होती, एलिशेवा. वरची काचही मीच बंद केली.

मग तिच्या मागे ही दुसरी कुणासाठी…?