पावसापाण्याचं प्रवचन

"एक्सक्यूज मी… तू माझ्या चष्म्यावर बसलीयस."

अंधारात मी ताडकन उठले. चष्म्याचे दोन तुकडे! मीच भडकले, "खुर्ची काय चष्मा ठेवायची जागा आहे?"

तो हसला. देवदत्त नाव. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्सच्या हॉलमध्ये मराठी मंडळाने पिक्चर लावला होता, आणि वडे आमच्या खानावळीचे. शाळा सोडल्यापासून मी आई आणि तिच्या जोडीने स्वयंपाक करणाऱ्या मैमुनाबींबरोबर हेच करते.

"आता सबटायटल कशी वाचू?"

"मी सांगते. पण मी नापास पार्टी आहे हं."

"चालेल… जरा जवळून सांग."

आगाऊ!

पिक्चर दुसऱ्या महायुद्धातला. नाझी लोक गावातल्या ज्यूंना ट्रकमध्ये कोंबून मारायला नेतायत. बिशपला सगळं माहितीय. त्याची स्वयंपाकीण पाया पडते — रविवारी चर्चमध्ये एकदा बोला, लोक तुमचं ऐकतात. आणि रविवारी हा माणूस पावसापाण्यावर प्रवचन देतो!

देवदत्तच्या कानात सांगता सांगता मी एकच ओळ दोनदा वाचली. ट्रकमध्ये एक मुलगी धाकट्या बहिणीची वेणी घालत होती…

"काय झालं?"

"काही नाही. थांब."

त्याने पाण्याची बाटली पुढे केली. बोटांना बोटं लागली. कुणीच काढली नाहीत.

लाइट लागले. मंडळाचे अध्यक्ष धनंजयकाका, म्हणजे देवदत्तचे बाबा, माइकवर तावातावाने बोलले, "गप्प बसणारासुद्धा गुन्हेगारच!" टाळ्या. मग वडा खात आईकडे आले.

"वहिनी, गणपतीचे मोदक तुमच्याकडेच. फक्त यंदा मैमुनाबीने हात लावायला नको. नैवेद्य आहे… लोक बोलतात."

मैमुनाबी तिथेच, किटली हातात घेऊन उभ्या. रत्नागिरीच्या त्या. मंडळाचे मोदक इतकी वर्षं त्यांनीच वळलेत. तशा कळ्या आईलाही जमत नाहीत.

आई म्हणाली, "बरं."

"बरं काय? काका, आत्ता माइकवर काय बोललात?"

"अवनी, खलास! बास आता!" आई ओरडली.

मी देवदत्तकडे बघितलं. तो वड्याकडे बघत होता.

"तूसुद्धा पावसापाण्यावर बोल," म्हटलं आणि खाली तळ्याकडे निघून आले. हवा भट्टीसारखी. मरण आणि मोदक सारखे नाहीत, कळतं मला. पण गप्प बसायची सवय इथूनच लागत असेल ना?

थोड्या वेळाने तो आला. घामाघूम.

"बोललो. सगळ्यांसमोर. मैमुनाबी मोदक करणार नसतील तर आरतीला पेटी मी वाजवणार नाही."

"मग?"

"बाबा म्हणाले, घरी चल, बघतो तुला. पण मंडळातल्या कुमुदकाकू उठल्या. मग अजून काहीजणी. शेवटी बाबांनी मान डोलावली."

"आणि मैमुनाबी?"

"म्हणाल्या, करायचे की नाही ते विचार करून सांगते."

बरोबर आहे त्यांचं.

तो खिशातून चष्म्याचे दोन तुकडे काढून उगाच जोडून बघत होता.

"बाबांना घाबरलास?"

"हो. पण त्याहून… तू परत माझ्याशी बोलणार नाहीस, याला."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे माझ्यावर इम्प्रेशन मारायला बोललास?"

"सुरुवात तुझ्यासाठीच केली," तो खाली बघत म्हणाला. "पण मध्येच मैमुनाबींचा चेहरा दिसला… आणि मग तुला विसरूनच गेलो. सॉरी."

मी त्याचा हात घट्ट धरला. आजवर मला कुणी इतकं गोड काही म्हटलं नव्हतं.