तिने परत ठेवलेली कलिंगडं

टक्... टक्... टक्!

तिने बोटाचं पेर वाकवून कलिंगडावर वाजवलं, कान लावला आणि नाक मुरडलं. "पोकळ! हे नको."

ते ढिगावर परत ठेवायचा अवकाश – मागून दोन हात आले आणि त्यांनी ते अलगद उचललं. मनगटापर्यंत पीठ लागलेले हात. पुन्हा तोच! कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाववाला.

दर रविवारी हेच. ही टाकणार, तो उचलणार, आणि वर हसणार. तेही असं, की हिला पुढचं कलिंगड वाजवायचं सुचू नये. बिचाऱ्याला फळातलं ओ की ठो कळत नाही, असं ती मनात म्हणायची. आणि तरी सोमवारपासूनच रविवारची वाट बघायची... हे मात्र तिने आरशालासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती फरश्या बसवायची. बाबांच्या हाताखाली शिकलेली, आता अख्खं घर एकटी अंगावर घेणारी. बसवलेल्या फरशीवर टकटक केलं की तिला कळायचं. भरीव वाजली तर पक्की, पोकळ वाजली तर उखडा आणि पुन्हा बसवा. "पोरीचे कान सोन्याचे," बाबा सगळ्यांना सांगायचे. फक्त तिने आणलेल्या कलिंगडाची फोड तोंडात टाकली की तेच बाबा म्हणायचे, "काकडी छान आहे हं!"

"आजचा शेवटचा ढीग बरं का," कलिंगडवाल्या मावशी म्हणाल्या. "आता पुढच्या उन्हाळ्यातच."

तिने नुकतंच निवडलेलं भरीव कलिंगड तिच्या हातातच राहिलं. म्हणजे पुढच्या रविवारी... काहीच नाही?

छे! ती गर्रकन वळली. "अहो पाववाले! दर वेळी माझंच टाकलेलं का उचलता?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कारण... ते गोड निघतं."

"पोकळ वाजतं ते!"

"म्हणून तर! पाव भाजला की आम्ही त्याच्या बुडाला वाजवून बघतो. पोकळ वाजला की झाला. कलिंगडाचंही तसंच."

"काहीतरीच! मावशी, कापा हो दोन्ही."

सुरी चर्रकन फिरली. त्याचं लालभडक. आणि तिचं... बियांसकट पांढरंफटक!

"म्हणजे उन्हाळाभर माझ्या बाबांनी काकडी खाल्ली, आणि तुम्ही मजेत बघत होतात? सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्याच रविवारी सांगणार होतो." तो बोटांवरचं पीठ खरवडत राहिला. "पण मग तुम्ही गोड कलिंगड घेऊन निघून गेला असतात. आणि मला... तुमच्या मागे उभं राहायला काय कारण उरलं असतं?"

मावशी एकाएकी सुरी पुसण्यात फारच गुंतल्या.

तिला हसू आवरेना. "बेकरीतली फरशी कशी आहे?"

"भट्टीजवळची एक हलते."

"उद्या येते."

"आणि ती नीट बसली की? मग कशाला याल?"

तिने बोटाचं पेर वाकवलं. त्याच्या शर्टाच्या खिशावर, पिठाच्या डागावर, हलकेच वाजवलं. टक्... टक्. मान तिरकी करून ऐकलं.

"पोकळ?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"भरीव," ती म्हणाली. "आणि हे मी परत ठेवणार नाहीये."