अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे

सकाळी दहाला आक्कांच्या दारात एक मुलगी उभी राहिली. बुटांना सिमेंट, काखेत हेल्मेट.

"चार वाजेपर्यंत काही करता आलं तर बघा," ती म्हणाली. "नाहीतर माझी नोकरीही जाईल आणि पदवीही."

आक्का पंचवीस वर्षं इमारतींच्या तपासनीस होत्या. निवृत्त झाल्यापासून त्या लोकांची कोडी सोडवत. त्यांचे धाकटे दीर भावोजी टिपणं काढत. टिपणं सुरेख असत. अंदाज मात्र हमखास चुकत.

"दोन्ही एकदम कशा जातील?" भावोजींनी वही उघडली.

"एकाच दोरीला बांधल्यात. मी बांधकाम-व्यवस्थापनाची शिकाऊ आहे. पाच दिवस साइटवर काम, गुरुवारी कॉलेज. कंपनीने काढलं की कॉलेजही संपलं."

मग तिने सगळं सांगितलं. एक तारखेला, सोमवारी, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला. त्याच काँक्रीटचे तिने सहा ठोकळे केले, त्यांवर रंगाने तारीख लिहिली आणि पाण्याच्या टाकीत ठेवले. सातव्या दिवशी तीन ठोकळे यंत्रात दाबून फोडले. बावीसच्या दाबापर्यंत टिकले, उत्तम. उरलेले तीन काल, अठ्ठाविसाव्या दिवशी फोडले. तीसला टिकायला हवे होते. पंधरालाच फुटले.

"साहेब म्हणतात, मी ठोकळे पाण्याबाहेर टाकून वाळवले. चारच्या बैठकीत कॉलेजला पत्र जाणार."

"बावीसचे पंधरा?" आक्का उठल्याच. "पाणी तोडलं तर वाढ खुंटते गं. पोर उंच होत नाही, इतकंच. असलेल्या उंचीचं बुटकं कसं होईल?"

"पहिले तीन हिने खास बनवले असतील," भावोजी म्हणाले. "साहेबांवर छाप पाडायला."

"तोंडावर बोलता, हे बरं आहे," मुलगी म्हणाली.

"त्यांचं मनावर घेऊ नकोस," आक्का म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं घेतलेलं नाही."

साइटच्या मागच्या बाजूला पत्र्याचं स्टोअर होतं. दारातच भावोजींचा पाय खड्ड्यातल्या पाण्यात घोट्यापर्यंत गेला.

"तो खड्डा नव्या माणसाची हजेरी घेतो," आतून स्टोअरचे काका हसले. "दोन महिने बोंबलतोय, कुणी बुजवेल तर शपथ!"

त्यांनी पाणी दिलं. पेला दोन्ही हातांनी धरला होता, तरी अर्धं पाणी बशीत सांडलं. "तीन महिन्यांनी मी निवृत्त होणार. हात माझ्या आधीच झालेत."

कोपऱ्यातली टाकी कोरी करकरीत होती.

"जुनी कुठे गेली?"

"तडकली. झाले असतील काही दिवस."

"आणि ठोकळ्यांचे साचे?"

"कुलपात. किल्ली माझ्या कमरेला."

टाकीच्या वहीत रविवार सोडून रोजची नोंद होती: 'ठोकळे पाण्यात आहेत', खाली मुलीची सही. पानावरून फिरणारं आक्कांचं बोट चार, अकरा, अठरा आणि पंचवीस तारखेवर क्षणभर थांबलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिली.

"जा, स्लॅबच्या काँक्रीटची चलनं घेऊन ये," आक्का एवढंच म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी यंत्रामागचा ढीग पाहिला. कालच्या ठोकळ्यांचे तुकडे तिथेच पडले होते. एका तुकड्यातून अंगठ्याएवढी खडी डोकावत होती. आक्कांनी तो पिशवीत टाकला.

मुलगी चलन घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं: बारीक खडी.

"सळ्या इतक्या दाट आहेत," ती म्हणाली, "की मोठी खडी खाली उतरलीच नसती."

फाटकापाशी मुकादम नव्या रस्त्याच्या कडा घासत होता.

"हा कधी केलात?"

"अठराला. गुरुवार होता, पक्कं लक्षात आहे. पोरगी कॉलेजात, म्हणून दिवसभर कुणी माझं डोकं खाल्लं नाही."

"मोठी खडी दिसते."

"रस्त्याला मोठीच लागते, आक्का. दुसरीकडे कुठे वापरली नाही."

"सगळं काँक्रीट रस्त्यातच गेलं?"

"दोन घमेली काकांनी नेली. दारातला खड्डा बुजवायचाय म्हणाले."

चालता चालता भावोजी कुजबुजले, "वहिनी, मुकादमच! मुलीचा राग आहे त्याला."

"राग असता तर गुरुवारची आठवण इतक्या प्रेमाने सांगितली नसती."

साहेब जिन्यातच भेटले. "टाकी तिच्याकडे, सही तिची," ते म्हणाले. "मी आणखी काय बघायचं?"

"ठोकळे," आक्का म्हणाल्या. "फुटल्यानंतरचे."

चार वाजता बैठकीला मुकादम आणि काकाही आले. टेबलावर कॉलेजचं पत्र तयार होतं. आक्कांनी त्याच्याशेजारी काँक्रीटचा तुकडा ठेवला.

"स्लॅबमध्ये बारीक खडी आहे, चलन सांगतं. हा तुकडा कालच्या ठोकळ्याचा. यातली खडी बघा. म्हणजे हा ठोकळा त्या स्लॅबचा नाहीच. मोठी खडी फक्त फाटकाच्या रस्त्यात गेली, अठरा तारखेला. काल फोडलेले ठोकळे अठ्ठावीस नव्हे, अकरा दिवसांचे होते. अकरा दिवसांचं पोर पंधरापर्यंत टिकलं, तर त्याला नावं का ठेवायची?"

"पण ते टाकीत आले कसे?" साहेबांनी विचारलं.

"त्या रस्त्यातली दोन घमेली खड्डा बुजवायला म्हणून गेली. खड्डा बुजला नाही; आमचे भावोजी साक्षीला आहेत, ओल्या मोज्यासकट. मग ते काँक्रीट गेलं कुठे? ठोकळ्याला साचा लागतो, आणि साचे कुलपात असतात. टाकीही याच दरम्यान बदलली. टाकी बदलायची म्हणजे ठोकळे उचलायचे. एकेक आठ किलोचा." आक्कांचा आवाज उतरला. "ज्या हातांत पेला ठरत नाही, त्या हातांनी."

काका उभे राहिले.

"तिन्ही पडले," ते म्हणाले. "कडा उडाल्या. कडा उडालेला ठोकळा तपासणीला चालत नाही. मोजणीच्या दुर्बिणीचं स्टँड माझ्या हातून पडलं, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर घरी. वाटलं, तीन नवे करून, त्यांवर तीच तारीख रंगवून ठेवू, काँक्रीट ते काँक्रीट. खडीचं ध्यानातच आलं नाही. आणि काल हिचं नाव आलं, तेव्हा... जीभच उचलली नाही."

"काका, रोज मला डब्यातलं वाढता तुम्ही," मुलगी म्हणाली.

साहेबांनी पत्र ओढून घेतलं. "ठीक आहे. तुझ्यावर काही नाही."

"आहे," ती म्हणाली. आक्कांनी मान वर केली. "गुरुवारी मी इथे नसते, तरी वहीत गुरुवारच्या सह्या माझ्याच आहेत. शुक्रवारी येऊन करायचे. अठराला कुणी खरंच टाकी बघितली असती, तर हे त्याच दिवशी कळलं असतं."

भावोजींचं पेन थांबलं. मुकादमाने छताकडे पाहिलं.

"हे पत्रात लिहिलं तर कॉलेज तुला काढेल," साहेब म्हणाले.

"माहीत आहे."

साहेबांनी पत्र फाडून खिशात घातलं.

"काका, उद्यापासून जड उचलायचं नाही. ठोकळे मुकादमाची माणसं हलवतील. तुम्ही तीन महिने वही सांभाळा. आणि तू, झालेलं सगळं लिहून आज माझ्याकडे दे. गुरुवारचंसुद्धा. कॉलेजशी मी बोलतो."

खुर्च्या सरकल्या. आक्का पिशवी उचलून दारापर्यंत पोचल्या.

"चौथ्या मजल्याचा स्लॅब सोमवारी भरायचा का?" साहेबांनी विचारलं.

मुकादमाने तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न त्याला नव्हता.

"नाही," मुलगी म्हणाली. "आधी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब कापून नमुना काढू; त्याचे शेवटचे तीन ठोकळे तर तपासलेच गेले नाहीत. त्याचा निकाल येईपर्यंत वर कुणी चढायचं नाही."

"लिहून घ्या," साहेब म्हणाले.