चार वाजताची सिस्टर

सकाळी पावणेआठला फोन वाजला तेव्हा धाकटी सिस्टर बुटाची नाडी बांधत होती.

"सिस्टर, आज जरा लवकर या." पलीकडे यादीतल्या एका रुग्णाच्या घरच्या मावशी होत्या. "तुमच्या मोठ्या सिस्टर काल पुन्हा येऊन गेल्या."

नाडी तशीच राहिली. मोठ्या सिस्टरला जाऊन अकरा दिवस झाले होते. झोपेतच गेली, दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांची यादी उशाशी तशीच होती. तिला शेवटचं पोचवून आल्यावर धाकटीने ती यादी उचलली आणि तीच घरं फिरायला सुरुवात केली. लोकांच्या घरी जाऊन शिरेतून औषध देणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात दोघींना सगळे मोठी आणि धाकटी म्हणूनच ओळखत. सिरिंज कशी धरायची इथपासून सगळं काम धाकटीला मोठीनेच शिकवलं होतं, आणि शिकताना बोलणी खाल्ल्याशिवाय तिचा एक दिवस गेला नव्हता.

मावशींचं घर शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. दुकान काकांचं. वर आजारी काकू, आणि काकूंची धाकटी बहीण म्हणजे या मावशी. एवढीच माणसं.

काकूंच्या हृदयाच्या झडपेला जंतूंनी धरलं होतं. सहा आठवडे रोज शिरेतून औषध द्यायचं, त्यातले चार संपले होते. हॉस्पिटलात टोचून टोचून हातांच्या शिरा संपल्या, तेव्हा उजव्या दंडातून थेट हृदयापर्यंत एक बारीक नळी सरकवली होती. तिला सगळे लाइन म्हणत. ही शेवटची, दुसरी जागा नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

आणि गेले दहा दिवस रोज संध्याकाळी पाचला काकूंना हुडहुडी भरत होती. दात वाजायचे, पलंग हलायचा, ताप एकशे तीनवर जायचा. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी ताप हटेना. लाइन सडली असणार, शनिवारी सकाळी काढून टाकू, असं डॉक्टर कालच म्हणाले होते. मग उरलेलं औषध कुठून द्यायचं? त्यावर त्यांनी नुसते खांदे उडवले. औषध थांबलं तर काकू फार दिवस काढणार नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. ऑफिसने तर कधीच हात झटकले होते: मोठीनेच शेवटचं ड्रेसिंग नीट केलं नसेल. मेलेलं माणूस उठून उत्तर द्यायला येत नाही, हे ऑफिसांना बरोबर ठाऊक असतं.

आज शुक्रवार होता.

"कोणी पाहिलं त्यांना?" दारातच धाकटीने विचारलं.

"ताईनेच. मी कशाला बघायला जातेय!" मावशी कुजबुजल्या. "परवा बेसिन ओलं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणे मोठ्या सिस्टर आल्या होत्या. एरवी मी तीन ते पाच झोपतेच, पण परवापासून आतून कडी लावते. माझी तर पाचावर धारण बसलीय."

"आणि काका?"

"भाऊजी खाली दुकानात. ते कधी वर असतात?"

तेवढ्यात काकाच जिना चढून वर आले. अबोल माणूस. त्यांनी धाकटीच्या हातातली औषधाची पेटी घेतली आणि स्वच्छ, घासून लालसर झालेल्या बोटांनी ती टेबलावर अलगद ठेवली. मग आल्या पावली खाली गेले.

परवा मावशींनी हेच सांगितलं तेव्हा तापातली बडबड म्हणून धाकटीने सोडून दिलं होतं. आज तिने काकूंची बाही वर केली आणि ती जागच्या जागी थिजली.

लाइनचं तोंड दंडाला धरून ठेवणारी टेप काल सकाळी तिने स्वतः लावली होती, घाईत, हाताने फाडून. आता तिथे दुसरीच टेप होती. कात्रीने सरळ कापलेली. तिचं एक टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून.

अख्ख्या ऑफिसात असं टोक एकच बाई दुमडायची.

खोलीत हात धुवायच्या साबणाचा वास होता, मोठीच्या अंगाला यायचा तोच. तिने वळून मागे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिला भीती वाटली, आणि सांगायला लाज वाटावी इतका आनंदही झाला.

"काकू, काल कोण आलं होतं?"

"तुझी मोठी सिस्टर."

"काय केलं तिने?"

"तू करतेस तेच. लाइन पुसली, सिरिंजवर तीन टिचक्या मारल्या, हळूहळू पाणी सोडलं. जुनी टेप सुटत होती, म्हणून नवी लावली."

"काही बोलली?"

"नाही. आता बोलत नाही ती."

"मग लगेच गेली?"

"छे. पंधरा मिनिटं बसते. इथे, पलंगावर, माझ्याजवळ. मग जाते."

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

काकू हसल्या. "भीती कसली? मी चार वाजायची वाट बघत असते."

धाकटीने कंपनीतून भरून आलेली सलाइनची सिरिंज उघडली आणि लाइन धुतली. काकूंनी तोंड वाकडं केलं.

"आली बघ तुझी ती प्लास्टिकची चव घशात. तिच्या पाण्याला नसते."

"कसलीच चव नसते?"

"कसलीच नाही."

औषध सुरू झालं. ते संपायला तास लागायचा. तेवढ्यात धाकटीने ऑफिसला फोन केला.

"काल दुपारी चारला या घरी कोणाला पाठवलं होतं?"

"अगं, पाठवायला माणसं आहेत कुठे? मोठी चारला दुसरी फेरी मारायची, ती गेल्यावर बंदच केली ना आपण. दिवसातून एकदा लाइन फ्लश केली, धुतली, की पुरतं."

तिने वापरलेल्या वस्तूंची पिवळी पिशवी उघडली. सोमवारी नवीन लावलेली. औषधाआधी एक आणि नंतर एक, अशा रोजच्या दोन याप्रमाणे कालपर्यंत आठ रिकाम्या सिरिंजा हव्या होत्या. तिने दोनदा मोजल्या. सात होत्या.

मावशींनी वाटीभर सूप आणून दिलं. "अळणी आहे हं. ताईला मीठ बंद केलं तसं आम्हीही सोडलं. बरणी पार वरच्या फळीवर टाकलीय."

सूप खरोखरच घशाखाली उतरेना. वाटी ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या कोपऱ्यात एक छोटी पातेली पालथी घातली होती. ती उलटून बघितली तर आत, वरच्या कडेला, पांढरा थर.

"ही कशाला वापरता?"

"मी नाही बाई वापरत. किती दिवसांत हात लावला नाही तिला."

धाकटीने तो थर बोटाने खरवडला आणि जिभेला लावला. मग पातेली होती तशी पालथी घातली.

तास संपला. काकू शांत झोपल्या होत्या. सकाळच्या औषधाने किंवा पाण्याने दहा दिवसांत त्यांना एकदाही थंडी वाजली नव्हती.

जाताना ती दुकानात शिरली. काकांसमोर एक मशीन उघडं पडलं होतं, शेजारी तेलाने काळंकुट्ट झालेलं फडकं.

"काका, दुपारी चारला कुठे असता?"

"इथेच."

"वरून पावलांचा आवाज येतो कधी?"

"मशीन चालू असलं की काही ऐकू येत नाही."

"मोठी सिस्टर बोलायची तुमच्याशी?"

काकांनी पहिल्यांदा मान वर केली. "सगळं समजावून सांगायची. लाइन तुंबली तर काय होईल, तेही. तुमचं काम मशीनचं, तुम्हाला पटकन कळतं, म्हणायची."

धाकटीने दुपारची दोन घरं दुसऱ्या मुलीच्या गळ्यात मारली आणि साडेतीनला ती परत आली. मावशींची कडी वाजवली, काकांना वर बोलावलं. सगळे काकूंच्या पलंगाभोवती जमले.

"लपून बसले असते तर आलेला माणूस आयता सापडला असता," ती म्हणाली. "पण त्यासाठी आणखी एकदा ते पाणी आत जाऊ द्यावं लागलं असतं. म्हणून आधीच आले."

"माणूस?" मावशी म्हणाल्या. "अहो, भूत म्हणा!"

"भूत पातेलीत पाणी उकळत बसत नाही, मावशी." धाकटी काकूंच्या दंडाकडे बघत बोलू लागली. "लाइन सडलेली असती तर सकाळी मी पाणी सोडल्यावरही हुडहुडी भरली असती. तशी भरत नाही. चारला काहीतरी आत जातं आणि पाचला दात वाजतात. म्हणजे लाइन चांगली आहे. चारचं पाणी वाईट आहे."

"अगं बाई!"

"कंपनीच्या सिरिंजमधल्या पाण्याला प्लास्टिकची चव येते. चारच्या पाण्याला ती नाही, म्हणजे ते कंपनीचं नाही, घरी केलेलं आहे. पिशवीतली एक सिरिंज कमी आहे. कोणीतरी ती धुऊन पुन्हा पुन्हा वापरतंय. आणि या घरात मीठ फळीवर गेलंय, तरी पातेलीला मिठाचा थर आहे."

"मी नाही हो!" मावशींनी कानांवर हात ठेवले.

"तुम्ही नाही. तुम्ही भुताला घाबरून आत बसता." धाकटीचा आवाज खाली आला. "मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाची नखं काळी असतात. दुकानातलं फडकं काळं आहे. काकांचे हात मात्र कोपरापर्यंत घासलेले. असे हात धुवायला मोठी सिस्टर शिकवायची. मलाही तिनेच शिकवलं."

काकांनी खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढला. त्यात सिरिंज होती. दुसऱ्या खिशातून झाकणाची बाटली निघाली.

"दिवसातून दोनदा धुतली नाही तर तुंबेल, म्हणाली होती ती," काका सावकाश म्हणाले. "ती गेली, तुमची चारची फेरी बंद झाली. फोन केला तर म्हणाले, एकदा पुरे. मला पटलं नाही. तेल चुकलं की मशीन जाम होतं, मी रोज बघतो. आणि ही तर शेवटची लाइन. तिचं सगळं मी बघून ठेवलं होतं, टेपसुद्धा. एकदा विचारलं होतं, या सिरिंजमध्ये असतं काय? हसून म्हणाली, काही नाही हो काका, मीठ आणि पाणी."

"पाणी उकळलंत?"

"अर्धा तास. घड्याळ लावून."

"मग?"

"या बाटलीत भरून ठेवायचो. आठवडाभर पुरायचं."

"उकळलं तरी मेलेल्या जंतूंचं विष पाण्यात उरतं, काका, वर आठवडाभर त्यात नवे जंतू वाढत होते. आणि ते तुम्ही सरळ हृदयात सोडत होतात."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "म्हणजे हा ताप मी आणला?"

धाकटीला मोठीचा भयंकर राग आला. सहज हसून टाकलेलं तिचं एक वाक्य, ती गेल्यावरही रोज चारला जिना चढून या खोलीत येत होतं. ती स्वतः मात्र आली नव्हती. कधीच येणार नव्हती. सकाळपासून आपण वेड्यासारखी तिची वाट बघत होतो, हे धाकटीला आत्ता कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

"दुसऱ्या गुन्हेगार तुम्ही, काकू," ती डोळे पुसत म्हणाली. "मोठी सिस्टर जन्मात कधी रुग्णाच्या पलंगावर बसली नाही. मी एकदा टेकले तर सगळ्यांदेखत उठवलं मला. दोन आठवडे ती तुमच्याकडे येत होती, तुम्हाला हे ठाऊक होतं. तुमची नजरही चांगली आहे. पलंगावर कोण बसतं ते तुम्हाला स्वच्छ दिसत होतं."

काकूंनी नजर काकांकडे वळवली.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना बंद केलं असतं," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं हे खाली आणि मी वर. लोकांची मशीनं, लोकांच्या तक्रारी. आता रोज पंधरा मिनिटं माझा हात हातात घेऊन बसायला लागले. हिने बेसिन बघून विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते नाव सांगितलं. म्हटलं, गेलेल्या माणसाला कोण जाब विचारतंय."

"पण त्या पंधरा मिनिटांपायी मरत होतात तुम्ही!"

"ते मला कुठे ठाऊक होतं?" काकू म्हणाल्या. "आणि ठाऊक असतं तर सांगितलं असतं का, ते विचारू नकोस."

मावशी पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

डॉक्टर फोनवर आधी चिडले, मग नीट ऐकू लागले. "आज चारला काही देऊ नका. पाचला थंडी वाजली नाही तर लाइन राहू द्या. रक्त पुन्हा तपासू."

चार वाजून गेले. काका भिंतीला खुर्ची लावून बसले होते, दोन्ही हात काखेत दाबून. काकूंनी डावा हात त्यांच्याकडे केला. त्यांनी मान हलवली.

"नको. माझ्या हाताला यश नाही."

"हातांनी काही केलं नाही, काका," धाकटी म्हणाली. "पाण्याने केलं. हात स्वच्छ होते तुमचे."

काका तरी उठेनात. काकूंचा हात तसाच पुढे राहिला, दुखून थरथरायला लागला तरी त्यांनी तो मागे घेतला नाही. शेवटी काका उठले, पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला.

पाच वाजले. सव्वापाच झाले. धाकटीने तीनदा ताप बघितला. साडेपाचलाही तो अठ्ठ्याण्णवच होता आणि काकू गाढ झोपल्या होत्या. डॉक्टरांना फोन लावायला ती बाहेरच्या खोलीत गेली, आणि जाताना तिने दार हळूच ओढून घेतलं.