क्लॅरिनेटवाल्याची जागा

गच्चीवरचा दिवा किड्यांमुळे मालवला होता. जेवणं झाली होती, आणि मामा कवळी काढून डबीत ठेवायच्या बेतात होते, तेवढ्यात भाच्याने विषय काढला.

"मामा, एक खरी गोष्ट होऊन जाऊ द्या. मागच्या वेळसारखं शेवटी मांजर निघायला नको."

"खरी हवी असेल तर कवळी तोंडातच राहू दे," मामा म्हणाले. "जिने ही बसवली, तिचीच गोष्ट आहे. दातांची डॉक्टरीण. तिने सांगितली तेव्हा मी तिच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो. मध्ये एक प्रश्न विचारता आला नाही. तुम्हीही विचारू नका."

भाची तिच्या तान्ह्याला खांद्यावर घेऊन थोपटत होती. "मला एवढंच आधी सांगा. बाळाला काही होत नाही ना?"

"गोष्टीत बाळ आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्याकडे बघून घसा साफ केलात ना तुम्ही."

"बाळ धडधाकट आहे. आता शाळेत जातं."

"मग कसली डोंबलाची भीती!" भाचा म्हणाला.

"ऐक तर खरं," मामा म्हणाले, आणि आवाज उतरवून सांगू लागले.

*

डिसेंबरातला पहिला शनिवार होता. हवेत बऱ्यापैकी गारठा. डॉक्टरीणबाईने शेवटच्या पेशंटची दाढ भरली, एप्रन खुंटीला टांगला आणि दवाखान्याला कुलूप लावून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. अंडी, पाव, लोणी, संत्री, कॉफी. रविवारच्या न्याहारीचं सामान.

सामान साधंच, पण तिच्या छातीत धडधडत होतं. कारण लग्न झाल्यापासून शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ ही तिच्या आणि नवऱ्याच्या हक्काची होती. शनिवारी रात्री एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानाखालच्या तळघरात जॅझ ऐकायला जायचं. रविवारी दहाला उठायचं, नवऱ्याने पाव करपवायचा, वर "करपला नाही, खरपूस आहे" म्हणायचं, आणि मग पियानोवाला काल घाईत होता की नव्हता यावर दीड तास भांडायचं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो टेबलावर चमच्याने ताल धरून आपलं म्हणणं सिद्ध करायचा.

मग बबडी झाली. न्याहारी सकाळी सहाला, उभ्याने, एका हाताने व्हायला लागली. शनिवारची रात्र म्हणजे लंगोटांच्या घड्या. असे आठ महिने गेले. एके दिवशी नवरा घड्या घालता घालता म्हणाला, "तू समोर बसलेली असताना मला तुझी आठवण येते. हे काही बरं नाही."

तिला ते लागलं. कारण तिलाही स्वतःची आठवण येत होती. आणि घराबाहेर रात्री पाऊल टाकायचं म्हटलं की ती दारातूनच परत फिरत होती. बबडीच्या घशात काही अडकलं तर? पांघरूण तोंडावर आलं तर? दिवसभर परक्यांच्या तोंडात निर्धास्त बोटं घालणारी बाई, पण स्वतःचं पोर नुसतं खोकलं तरी हिचे हातपाय गार.

तर त्या शनिवारी जायचं ठरलं होतं. सासूबाई मुद्दाम राहायला आल्या होत्या.

"दूध फ्रीजमध्ये. औषध वरच्या फळीवर. ती कुशीवर वळली तर..."

"तर मी तिला बघीन," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलं ना? आहे ना जिवंत?"

"आई, तो पाळण्यातून दोनदा पडला होता."

"म्हणून तर गणिताकडे गेला. जा आता."

पण हिचं मन कसलं मानतंय! तिने एक युक्ती केली. घरातला जुना फोन बबडीच्या पाळण्याशेजारच्या खुर्चीवर ठेवला, त्यावरून स्वतःला फोन लावला, तिकडचा स्पीकर चालू केला. म्हणजे रात्रभर चालू फोन. तळघरात बसून एका कानात यंत्र घालायचं आणि पोरीचा श्वास ऐकत राहायचं.

"तू गाणं ऐकायला चाललीस की पहाऱ्याला?" नवऱ्याने विचारलं.

"एक कान तुला, एक कान तिला. भागव त्यात."

आता एक चूक झाली. साधीच. आपल्या बाजूचा आवाज बंद करायचा असतो, म्हणजे इकडचं तिकडे जात नाही. ते ती विसरली.

तळघर होतं तसंच होतं. पायऱ्यांवर तोच ओलसर वास, बुटकं छत, बारा-तेरा टेबलं. पियानो, जाड तारांचं, माणसाएवढं उभं वाद्य बास, आणि तारांच्या कुंचल्यांनी ढोल कुरवाळणारा टकलू. फक्त एक माणूस नव्हता. क्लॅरिनेटवाला. म्हातारा, हडकुळा, गळ्याला कायम मफलर. बबडी पोटात असताना तो मध्यंतरात यांच्या टेबलाशी यायचा. एकदा तर वाकून त्याने तिच्या पोटासमोर हळूच दोन सूर वाजवले होते. पोरीने आतून अशी लाथ मारली की तिच्या हातातली कॉफी सांडली. "ऐकलं तिने!" म्हातारा हरखून म्हणाला होता. "बाहेर आली की पहिलं वाजवणार मी. तिच्यापुढे दुसऱ्या कुणाला आधी वाजवू देऊ नका." ती सातव्या महिन्यात असताना तो गेला. झोपेतच गेला म्हणे. ही बातमी कळली त्याच सुमारास दोघांचं तळघरात जाणं थांबलं होतं, आणि मग बाळंतपणाच्या गडबडीत ते राहूनच गेलं.

पहिला तास ती कानावर हात ठेवूनच बसली. बबडीचा श्वास येत होता. मऊ, एकसारखा. हळूहळू तिचे खांदे सैलावले. पाय ठेका धरायला लागला. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि हसला. पियानोवाला खरंच घाईत होता. उद्या भांडायला विषय झाला, असं तिच्या मनात आलं, आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटचं गाणं सुरू झालं. संथ चालीचं. आधी पियानोने आपलं म्हणणं मांडलं. मग बासने. मग...

मग कुणीच नाही.

म्हणजे ढोलावरचे कुंचले फिरत होते, बास खालून एकेक पाऊल टाकत होतं, पण वरची जागा रिकामी. पियानोवाल्याने हात मांडीवर घेतले. टेबलांवरची कुजबुज थांबली. कुणी पेलासुद्धा खाली ठेवेना.

"काय झालं?" तिने पलीकडून चाललेल्या वेटरला हळूच विचारलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. पुढ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटीने दाखवलं. "म्हाताऱ्याची जागा," तो कानाशी पुटपुटला. "शेवटच्या गाण्यात मोकळी सोडतात. तो गेल्यापासून."

तिला गलबलून आलं. तीही मान खाली घालून बसली.

आणि तेव्हा तिच्या कानात... ज्या कानात यंत्र होतं त्या कानात...

आधी एक श्वास आला. बबडीचा नव्हे. मोठ्या माणसाचा. छाती भरून घेतलेला.

मग सूर.

खालचा. लाकडी. थोडा घोगरा.

तिने मान वर केली. खुर्ची रिकामी. कुणाच्या हातात काही नाही. तिने कानातलं यंत्र काढलं. तळघरात फक्त कुंचले आणि बास.

पुन्हा घातलं.

क्लॅरिनेट. बासच्या प्रत्येक पावलाला धरून. जिथे ठेका वळत होता तिथे वळत.

तिने फोन बघितला. आणि तिला आपली चूक दिसली. इकडचा आवाज चालू होता. संध्याकाळपासून. हे सगळं तळघर, हे सगळं गाणं, पाळण्याशेजारच्या खुर्चीवर वाजत होतं. ही रिकामी सोडलेली जागासुद्धा... तिकडे पोचली होती.

तिने अंगठ्याने आवाज बंद केला.

कानातलं क्लॅरिनेट थांबलं.

जणू कुणी कान देऊन बसलंय. वाट बघतंय.

मग बबडी हसली. खुदकन.

मग पुन्हा दोन सूर. फक्त दोन. हळू. समोरच्याला "पुढे?" म्हणून विचारावं तसे.

आणि फोन तुटला.

"ऊठ," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण..."

"ऊठ!"

सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. टॅक्सीत पुन्हा लावला. वाजत राहिला. नवरा म्हणत होता, प्रतिध्वनी असतो, आवाज फिरून परत येतो, दोन फोनांत असं होतं. ती "हो" म्हणत होती. हो... हो... नखं त्याच्या मनगटात रुतली होती.

किल्ली कुलपात बसेना. तिसऱ्या खेपेला बसली.

दिवाणखान्यात टीव्ही चालू, सासूबाई आरामखुर्चीत घोरत. ती तशीच आत धावली.

बबडी पाळण्यात बसली होती. जागी. अंधारात. शेजारच्या खुर्चीकडे तोंड करून. खुर्चीवरचा फोन खाली जमिनीवर होता, आणि खुर्चीवर... काही नव्हतं. पोरीने हातांनी पाळण्याच्या कठड्याला गच्च धरलं होतं, आणि मान एका लयीत हलत होती.

आईने उचलून छातीशी धरलं. अंग तपासलं. हात, पाय, मान, टाळू. सगळं ठीक. जीव भांड्यात पडला.

सासूबाई डोळे चोळत दारात आल्या. "आता का एवढी धावपळ? मघाशी आलात ना तुम्ही?"

"मघाशी?"

"हा आला ना." त्यांनी मुलाकडे बघितलं. "खोलीत गेलास, पिपाणी का काय वाजवायला लागलास पोरीपुढे. म्हटलं, आलास का रे? तर नुसता खाकरलास."

नवरा जमिनीवरचा फोन उचलायला वाकला. गणितात मावण्यासारखं काही नव्हतं त्यात.

*

"मामा, खिडकी..." भाचा म्हणाला.

"आतून बंद. मीही तेच विचारणार होतो. तोंडात कापूस होता."

भाचीचं थोपटणं थांबलं होतं.

*

ती रात्र बाईने पोरीला कुशीत घेऊन बसून काढली. काही झालं नाही. उजाडलं. आणि उजेड असा असतो की त्यात सगळ्याला कारण सापडतं. सासूबाई अर्धवट झोपेत होत्या, टीव्हीवर काहीतरी वाजत असणार. फोन बबडीनेच पाडला असणार. नवऱ्याने सगळं नीट मांडून दाखवलं, आणि तिने ते नीट मानून घेतलं. तिला ते हवंच होतं.

मग खूप महिन्यांनी त्यांच्या घरी रविवारची खरी न्याहारी झाली. सासूबाई अजून ढाराढूर झोपल्या होत्या. ऊन टेबलावर आलेलं. संत्र्यांचा रस, अंडी, करपलेला पाव.

"खरपूस," नवरा म्हणाला.

"कोळसा आहे."

"पियानोवाला घाईत नव्हता."

"घाईत होता! दुसऱ्या गाण्यात तर बास मागे धापा टाकत होतं."

त्याने चमचा उचलला. ती हसली. बबडी उंच खुर्चीत बसून शांतपणे काहीतरी चघळत होती. पावाचा कडक तुकडा दिला होता तिला.

"पुढच्या शनिवारी?" नवऱ्याने हळूच विचारलं. "फोन न लावता. आई आहेच."

तिने कप खाली ठेवला. हो म्हणायला तोंड उघडलं. आणि तिचं लक्ष पोरीच्या ताटलीकडे गेलं.

पावाचा तुकडा ताटलीत होता. कोरडा. आख्खा.

बबडी चघळत होती.

तिने बोट घातलं. सरावाचं बोट. हिरडीच्या कडेने. गालाच्या आतून. काहीतरी लागलं... चपटं... गुळगुळीत. अलगद बाहेर काढलं.

बोटाएवढी वेताची पट्टी होती. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला कागदासारखी झिजलेली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती. कोरडी असली तर सूर निघत नाही, म्हणून वाजवणारे ती आधी तोंडात धरून भिजवतात.

पट्टी पुरती भिजली होती.

बबडी रडली नाही. तिने ओठ मिटले, गाल फुगवले, आणि आईकडे नाही... आईच्या मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, पट्टीसाठी हात पुढे केला.