कापसाचे दोन बोळे

ही घटना खरी आहे. ऐकीव नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीत, पारोळा ते धुळे या रस्त्यावर, माझ्याच बाबतीत घडली. कुणाला पटत नसेल तर माझे वडील आहेत, ती गाडीही आहे. दोन्ही आमच्या घरी पारोळ्यात आहेत.

माझं नाव वृषाली. धुळ्याच्या एका खासगी लॅबमध्ये मी बारा वर्षं टेक्निशियन आहे. लोकांची थुंकी, लघवी, जखमेतला पू, सगळं माझ्या हाताखालून जातं. बेडका घट्ट आहे की पातळ, हे मी डबी हलवून सांगते आणि अर्ध्या तासाने हात धुऊन भाजी-भाकरी खाते.

किळस हा प्रकार मला माहीतच नव्हता.

आता लॅबमध्ये रक्त घेतल्यावर लावायचा कापूससुद्धा मी चिमट्याने उचलते.

आमच्या घरात मी आणि आबा, दोघंच. आबा म्हणजे माझे वडील, नाव आधार. त्यांनी एकतीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काढली. रुईची धूळ छातीत जाऊन बसली ती कायमची. हिवाळा लागला की त्यांना दम लागतो. सुया टोचाव्यात तसा एकेक श्वास ओढतात.

आणि आमचं बौद्धाचं घर. उतारा, अंगारा, लिंबू यातलं काही आमच्याकडे चालत नाही. भूत म्हणजे घाबरट माणसाचा धंदा, हे आबांनीच मला लहानपणी शिकवलं.

गाडी मी दिवाळीत घेतली. जळगावच्या हितेंद्र नावाच्या माणसाकडून, जुनी. एवढीशी इलेक्ट्रिक गाडी, दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट झुकवून आत शिरावं लागतं. गल्लीतले लोक हसायचे, म्हणायचे, ताई, हिला चावी कुठून देता? पण मला रोज धुळ्याला जायला पुरेशी होती. उपाशीपोटीचे पेशंट सकाळी लवकर येतात, म्हणून मी पावणेसहाला निघायची. अंगणात प्लग लावला की रात्रीत चार्ज व्हायची.

डिसेंबरपर्यंत काही त्रास नव्हता.

जानेवारीत थंडी पडली. अशी की सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. आणि गाडीचं चार्जिंग झपाझप उतरायला लागलं. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कुठल्याशा देशात एक बाई अशीच एवढीशी गाडी बर्फातून चालवत होती. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. ती सांगत होती, थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यात हीटर तर चार्जिंग खाऊनच टाकतो. हीटर बंद ठेवा, मांडीवर ब्लँकेट घ्या.

आपल्याकडे बर्फ कुठला... पण त्या दिवसांत आमचा रस्ता तसाच दिसायचा. जिनिंगचा हंगाम. कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या रात्रभर जातात. रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या काट्यांवर, दुभाजकाला, सगळीकडे रुई चिकटलेली. धुक्यात दिवे टाकले की दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र. वायपरमध्येसुद्धा रुई अडकायची.

म्हणून गाडीत पहिल्यांदा कापूस सापडला, तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

त्या दिवशी धुकं फार होतं. मुकटी गावाच्या अलीकडे समोरची काच आतून धुरकटली. पुसली तरी पुन्हा धुरकटायची. शेवटी मी हीटर लावला.

आधी गरम हवा आली.

मग वास आला...

गुलाबपाणी, फिनेल आणि अत्तर. त्यांच्याखाली दाबून ठेवलेलं आणखी काहीतरी. फ्रीज बंद पडून चार दिवस झाल्यावर दार उघडलं की येतो, तसं. गोडसर. जिभेवर बसणारं.

मी काच खाली केली. तेवढ्यात डॅशबोर्डवरच्या, गरम हवा येते त्या डाव्या बाजूच्या जाळीतून काहीतरी टपकन पडलं. रिकाम्या सीटवर.

मग दुसरं.

कापसाचे दोन बोळे. करंगळीच्या पेराएवढे, एका बाजूला निमुळते.

रुई आत ओढली गेली असेल, असं मला वाटलं. टाकून द्यायला मी एक बोळा उचलला, तर तो ओला होता. कोमट. एका टोकाला पिवळा, आणि त्या टोकाला चिकट तार सुटली. माझ्या बोटापासून सीटपर्यंत ती तार लांबत गेली...

तुटेना.

बारा वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ओकले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हीटर, वास, दोन बोळे. तिसऱ्या दिवशीही.

आमच्याकडे गाड्यांच्या एसीचं काम करणारा रुपचंद आहे. त्याने डॅशबोर्ड उघडला, आतला फिल्टर काढून माझ्यासमोर धरला. कोरा, स्वच्छ.

"ताई, यातून डास जाणार नाही. बोळा कसा जाईल?"

"मग येतो कुठून?"

त्याने नाकाजवळ हात नेला, जाळी हुंगली आणि पुसायच्या फडक्याने नाक घट्ट दाबलं. पैसे न घेताच निघून गेला.

चौथ्या दिवशी मी दोन्ही बोळे डबीत घेतले आणि लॅबमध्ये सारिकाला दाखवले. सारिका माझ्यासोबत काम करते. त्याआधी आठ वर्षं ती दवाखान्यात वॉर्डात होती. तिने डबीचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"कोण वारलं गं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. का?"

"मग हे कुणाच्या नाकातले? माणूस गेला की आम्ही असेच करायचो. एका टोकाला निमुळते. वर अत्तर." ती डबी तिने माझ्याकडे सरकवली. "हे घरी नेऊ नकोस."

मी बेसिनवर तीनदा हात धुतले. तरी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

संध्याकाळी हितेंद्रला फोन लावला. "हितेंद्रभाऊ, गाडीचा हीटर लावला की वास येतो. कापूस निघतो आतून."

मागे त्याच्या घरातला टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

मग त्याने हळूच विचारलं...

"दोनच निघतात ना, ताई?"

मी आकडा सांगितला नव्हता.

"तुम्हाला कसं माहीत? काय झालंय या गाडीत?"

"आमच्या हातून काही झालेलं नाही. आम्हीपण जुनीच घेतली होती. तुम्ही हीटर लावू नका. आम्ही नव्हतो लावत."

फोन कट झाला. नंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

मी हीटर बंद केला. ब्लँकेट गुंडाळून, काच फडक्याने पुसत गाडी चालवायची. दहा-बारा दिवस काही झालं नाही. वास नाही, बोळे नाहीत. माणूस किती लवकर सवय करून घेतो. मी आबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मलाच घाबरट म्हटलं असतं.

मग ती सकाळ आली. शुक्रवार होता. मी निघायच्या तयारीत असताना आबांच्या खोलीतून शिट्टीसारखा आवाज आला. ते खाटेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होते. पंप मारला, उपयोग झाला नाही. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला तास लागणार होता. शेजारच्यांची गाडी लग्नाला गेलेली.

अंगणात फक्त ती होती.

मी आबांना गोधडीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं आणि निघाले. धुकं असं की बोनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. काच आतून पांढरी होत होती. एक हात स्टिअरिंगवर, एका हाताने काच पुसत होते. आबांचे दात वाजत होते.

"माय, थंडी शे वं," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "काही गरम लाव ना."

मी त्यांच्या हाताला हात लावला. बर्फ. नखं निळसर झाली होती.

काय करणार होते मी? लावला हीटर.

वास आला. आधीपेक्षा जास्त. मी ओढणी नाकाला बांधली आणि जाळीकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं.

जाळीतून काहीच पडलं नाही.

मला बरं वाटलं. खरंच सांगते, मी सुटकेचा श्वास सोडला. आबांची शिट्टीही बारीक होत गेली. ते हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होते. "राहू दे, भाऊ... पुरे... बस्स."

मला वाटलं ग्लानीत बरळताहेत.

"कुणाशी बोलताय आबा?"

"तो मांगे बठेल शे ना, तो."

मी आरशात बघितलं. मागच्या काचेवरसुद्धा धुरकट थर. मागच्या सीटवर कुणीच नव्हतं. पण त्या थरात, डोकं टेकतं त्या उंचीवर, एक गोल जागा स्वच्छ पुसलेली होती...

तेलकट.

"नाकमा थंडी जाई, म्हने," आबा म्हणाले. आवाज बदलला होता, सर्दी झाल्यासारखा. "कापूस दिना त्यानी."

आणि मग लक्षात आलं की आबांची शिट्टी बंद झाली आहे.

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

माझ्या वडिलांच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे होते. पिवळी टोकं बाहेर. तोंड मिटलेलं. डोळे उघडे, शांत, आणि ओठ काळे पडत चाललेले.

फागणे गावाच्या अलीकडे मी गाडी कशी थांबवली ते आठवत नाही. मी नुसत्या बोटांनी एक बोळा धरला आणि ओढला.

तो आला... आणि येत राहिला.

पेराएवढा नव्हता तो. वीतभर आला. मग हातभर. ओला, कोमट, पिळा घातलेला. आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा. माझ्या मनगटाला गुंडाळत गेला. त्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. त्यात काहीतरी वळवळल्यासारखं वाटलं, पण मी बघितलं नाही. दुसरा ओढायला हात पुढे जात नव्हता. लाज वाटते सांगायला, स्वतःचा बाप गुदमरत होता आणि मला किळसेने हात लावता येईना.

मग डोळे मिटून ओढला.

आबांनी श्वास घेतला. मोठा. विहिरीतून वर आल्यासारखा.

तो गुंता मी काचेबाहेर फेकला. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रुईत तो कुठे पडला ते दिसलं नाही. हीटर बंद करून, दोन्ही काचा खाली करून गार वारा घेत मी धुळ्याला पोचले.

दवाखान्यात आबांना ऑक्सिजन लावला. चार दिवसांत ते चालायला लागले. डॉक्टरांना मी एवढंच विचारलं, नाकात काही अडकलंय का? त्यांनी टॉर्च लावून बघितलं. नाक स्वच्छ होतं. उलट मलाच विचारलं, "तुमच्या हाताला हे काय झालंय?" उजव्या मनगटावर पिवळट वळ उठले होते, एकाखाली एक. ते जायला महिना लागला.

गाडी रुपचंदने ओढत घरी आणून दिली. बॅटरीची वायर काढली, वर ताडपत्री टाकली. विकायचा विचार आला, पण कुणाला विकू? हितेंद्रने जे केलं ते मला जमणार नव्हतं. मी पुन्हा एसटीने जायला लागले. आबांशी त्या सकाळबद्दल बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात, एका रविवारी, मी बाजार करून अकराला घरी आले.

ताडपत्री बाजूला पडली होती. गाडीचं डावं दार सताड उघडं होतं. आणि आतली पुढची सीट...

पुढे झुकवलेली होती.

आबा ओट्यावर उन्हात बसले होते. दम नाही, शिट्टी नाही. चेहरा टवटवीत.

"आबा, गाडी कुणी उघडली?"

"मी," ते म्हणाले. "कितला दिन झाया, बिचारा एकलाच बठेल व्हता. मी त्याले सांगं, घरमा चाल, आठे थंडी शे."

आबांनी त्याला घरात बोलावलं होतं. भाजीची पिशवी हातातच होती. आमचं घराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत अंधारात काही दिसत नव्हतं.

मी आत गेले नाही. आधी गाडीकडे गेले. रुपचंदला बोलावून वायर जोडून घेतली. काचा बंद केल्या, हीटर पूर्ण मोठा केला आणि अर्धा तास आत बसून राहिले. रुपचंद बाहेरून बघत होता, त्याला वाटलं मला वेड लागलं.

मी जाळीला नाक लावून हुंगलं. सीट हुंगली. मागचे कोपरे हुंगले.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. आबा सत्तरी पार करून ठणठणीत आहेत. या हिवाळ्यात त्यांना एकदाही दम लागला नाही. डॉक्टर नवल करतात. मी मात्र घरी जेवत नाही. सकाळ-संध्याकाळ लॅबमध्येच खाते, पाण्याची बाटलीसुद्धा तिथूनच भरून आणते. आबा विचारतात, वृषाली, तू घरात का जेवत नाहीस? मी सांगते, भूक नाही.

गाडीत आता कसलाच वास येत नाही.