आधी भाताचा कुकर

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा तेहुन कोरियातल्या दैगू शहराच्या बाजारात एका कापडाच्या दुकानाची लांबी मोजत होता. मोजपट्टीचं एक टोक दुकानदाराच्या हातात होतं. फोनवरच्या बाईंनी त्याच्या बायकोचं, सनहेचं, पूर्ण नाव विचारलं, हा तिचा कोण ते विचारलं, आणि मग सांगितलं. बसस्टॉपवर कोसळली होती. आणली तेव्हाच सगळं संपलेलं होतं. तेहुन "बरं" म्हणाला. त्याचा चेहरा पाहून दुकानदाराने आपलं टोक सोडलं आणि पट्टी सरसरत त्याच्या हातात परत आली.

ते वसंतातलं. थंडी आली तोवर घरांचा बाजारही झोपला होता. दैगूत राहणाऱ्यांपेक्षा नवे टॉवरच जास्त झाले होते. कुणी घेत नव्हतं, कुणी विकत नव्हतं, मग घरा-दुकानांची किंमत ठरवायला तेहुनला बोलावणार कोण? त्याचं ऑफिस बंद पडलं. तो कामासाठी दोन-चार ठिकाणी भेटून आला. सगळीकडे कॉफी मिळाली. सत्तावन्नाव्या वर्षी याहून जास्त काही मिळेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

मग जुन्या ऑफिसातल्या बोंगदादाचा फोन आला.

"काम आहे. एक नवं संकुल, एकही फ्लॅट विकला गेलेला नाही. बँक सगळं एकगठ्ठा घेतेय. तू प्रत्येक फ्लॅट आतून बघायचा, रिकामा आहे म्हणून लिहायचं, किंमत टाकायची. नीट केलंस तर बँक कायमचं ठेवून घेईल. मी बोललोय."

"कुठे आहे?"

"तळ्याच्या मागे. तुला माहीत असेल."

माहीत होतं. ती इमारत कागदावर होती तेव्हा तो आणि सनहे सॅम्पल फ्लॅट बघायला गेले होते. ओट्याशेजारी एक सरकती फळी होती. सनहेने ती बाहेर ओढली आणि आपली पर्स तिच्यावर ठेवली.

"कुकर इथे," ती म्हणाली. नव्या घरात सगळ्यांत आधी भाताचा कुकर न्यायचा, मग बाकीचं सामान. तिच्या आईने तसंच केलं होतं, आजीनेही. "मी कुकर घेऊन पुढे येईन. तुम्ही मागून सगळं घेऊन या. आणि अहो, टेप घरी ठेवा त्या दिवशी."

तेहुन छताकडे बघत होता. "भाव फार आहे. थांबू. उतरेल."

"किंमत काय ती तुम्हालाच कळते बाई," म्हणत तिने पर्स उचलली. फळी आत ढकलताना मात्र तिने तिच्यावरून एकदा हात फिरवला.

भाव उतरला. त्याने सांगितलं होतं तसाच उतरला.

संकुलाच्या फाटकाशी ग्वाककाका नावाचा म्हातारा पहारेकरी शेगडीवर रताळं भाजत बसला होता.

"या व्हॅल्युअरसाहेब. वर घरांत वीज नाही, गॅस नाही. लिफ्ट आणि जिन्यातले दिवे तेवढे आहेत. रहिवासी म्हणाल तर मी आणि कबुतरं. आमची काय किंमत येईल?"

"कबुतरांची बरी येईल."

ग्वाककाका हसला आणि अर्धं रताळं पुढे केलं.

फ्लॅट सगळे सारखे. नव्या वॉलपेपरच्या खळीचा वास, काचेवर धूळ, तोंडातून वाफ निघेल अशी थंडी. गरज नसताना तेहुन प्रत्येक दारात बूट काढायचा. मोज्यांतून फरशी बर्फासारखी लागायची. चौदाव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये ती कोमट लागली. दक्षिणेचं ऊन येतं, त्याने मनात म्हटलं, आणि पुढच्या फ्लॅटकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. फरशी तरी कोमटच होती. आणि भाताचा वास येत होता, झाकण नुकतंच उघडल्यासारखा.

"काका, चौदाव्यावर कुणी राहतं का?"

"राहायला येऊ दे तर कुणी. मी स्वतः त्याचं सामान वर पोचवीन." ग्वाककाकाने शेगडीवरचे हात मागे घेतले. "सकाळी त्या स्वयंपाकघराची काच वाफाळलेली दिसते. वर गेलो तर काही नाही. पण हल्ली मी आत जाताना दार वाजवतो. कुलूप लावलेल्या घराचं. हसू नका."

तेहुन हसला नाही.

संध्याकाळी बोंगदादा फोनवर होता. "परवा बँकेची माणसं कुलुपं बदलणार. सगळे रिकामे ना?"

"एक राहिलाय."

"त्यात बघायचंय काय? लिहून टाक."

तो दुसऱ्या दिवशी दुपारीच गेला. मजल्यावर शुकशुकाट होता. त्याने किल्ली कुलपात घातली आणि आतून आवाज आला. विजेच्या कुकरमधला, रेकॉर्ड केलेल्या बाईचा.

"भात तयार आहे. नीट ढवळून घ्या."

त्यांच्या घरचा कुकरही असंच बोलायचा. सनहे जिथे असेल तिथून त्याला उत्तर द्यायची, जणू शेजारीण हाक मारतेय. ती गेल्यापासून तेहुनने भात लावला नव्हता. कुकरवर फडकं टाकून ठेवलं होतं.

किल्ली तशीच धरून तो उभा राहिला.

आत कुणीतरी म्हणालं, "हो बाई, आले."

त्याने दार उघडलं.

कुणी नव्हतं. उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता. सरकती फळी बाहेर ओढलेली होती आणि तिच्यावर कुकर होता. वायर खाली लोंबत होती, कुठेही जोडलेली नव्हती. झाकणावर खरबुजावरचं पिवळं स्टिकर चिकटवलेलं होतं, घरच्या कुकरवर सनहेने लावलं होतं तसंच.

त्याने झाकण उघडलं. वाफ तोंडावर आली.

अर्ध्या भातात काळ्या घेवड्याचे दाणे होते, अर्धा पांढरा. सनहे असाच लावायची. दाणे तिला हवे असत, त्याला चालत नसत.

दाण्यांच्या बाजूचा भात वाढून घेतलेला होता. पांढऱ्या बाजूला कुणी हात लावला नव्हता.

"सनहे," तो म्हणाला.

ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत तो कोमट फरशीवर बसून राहिला. मग कुलूप लावून खाली आला.

"रिकामा?" ग्वाककाकाने विचारलं.

तेहुनने किल्ली खिशात टाकली.

घरी आल्यावर कोट न काढता तो स्वयंपाकघरात गेला. फडकं ओट्यावर होतं. चार घड्या करून, कडा जुळवून ठेवलेलं. शेजारी कुकरच्या बुडाएवढी गोल, स्वच्छ जागा होती. भोवती धूळ.

फोन वाजला. बोंगदादा.

"लिहिलंस?"

"चौदाव्यावरचा कोपऱ्यातला रिकामा नाही, दादा. कुलूप बदलू नका म्हणावं."

"वेडा आहेस का? असं लिहिलंस तर बँक तुला परत दारात उभं करणार नाही. कोण राहतंय तिथे?"

"आमच्याच घरचं माणूस."

मग बोंगदादाने जपून विचारलं, "तेहुन, जेवलास का रे?"

"अजून नाही. भात झालाय."

त्याने फोन ठेवला आणि त्या गोल जागेवरून एकदा हात फिरवला. कुकर पुढे गेला आहे. बाकीचं सामान न्यायचं राहिलं आहे.